केळीच्या धाग्याची विडी होऊ द्यायची नाही

सध्या आमच्याकडे एक नवं पालुपद ऐकू येतं: केळीच्या खोडाचं सोनं करा! कृषी प्रदर्शनात तेच, बचत गटांच्या मेळाव्यात तेच, कर्ज देणाऱ्या साहेबांच्या तोंडीही तेच. खोडापासून धागा, धाग्यापासून पिशव्या, चटया आणि कागद. खोडाच्या पाण्यापासून खत, गाभ्यापासून कँडी. आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं, "यातून महिलांना फावल्या वेळात घरबसल्या रोजगार मिळेल."

मैत्रिणींनो, खोडाशी माझं काही भांडण नाही. या शेवटच्या वाक्याशी मात्र आहे.

मी सोलापूर जिल्ह्यात करमाळा-माढा भागातल्या बायांच्या गटांबरोबर काम करते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. गावं पाण्याखाली गेली, काठावरच्या जमिनी भिजल्या. आधी ऊस आला, मागून केळी आली. आज कंदर, टेंभुर्णीचा माल कंटेनरमध्ये भरून आखाती देशांत जातो. केळीचं झाड एकदाच फळतं. घड उतरला की खोडाचं काम संपलं. एकरी बाराशे ते पंधराशे झाडं धरा, म्हणजे हेक्टरी ६० ते ८० टन ओलं खोड मागे राहतं. कुणी ते बांधावर रचतो, कुणी ओढ्यात लोटतो, कुणी मजुरी देऊन उचलायला लावतो, कुणी यंत्राने तुकडे करून रानातच गाडतो. तेव्हा या खोडाचं काही करता आलं तर शेतकऱ्याला हवंच आहे. आम्हालाही हवं आहे.

आणि ते करता येतं, याबद्दल वाद नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला १९९३ पासून केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठाने खोडातून धागा काढला, उरलेल्या पाण्याचं 'नोवेल' नावाचं द्रवखत केलं, गाभ्याची कँडी केली, चोथ्याचं गांडूळखत केलं. मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या धाग्याचा कागद करून पाहिला. अहमदाबादची साथी नावाची कंपनी केळीच्या धाग्यापासून पाळीच्या वेळचे पॅड बनवते. २५ जुलै २०२१ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरीच्या बायांचं याच कामासाठी कौतुक केलं. तंत्र हाताशी आहे. प्रश्न मालकीचा आहे, आणि त्यावर मेळाव्यात कुणी चकार शब्द काढत नाही.

आता 'फावला वेळ' म्हणजे काय ते बघू. एका प्रशिक्षणात साहेब हा शब्द तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मागे बसलेली एक मावशी उठली आणि म्हणाली, "साहेब, ही वस्तू कुठल्या दुकानात मिळते? मला दोन तास बांधून द्या." सगळ्याजणी हसल्या. साहेबही हसले आणि पुढचं चित्र दाखवू लागले. या मावशीचा दिवस पहाटे पाच वाजता सुरू होतो. झाडलोट, पाणी, चूल, डबे, शेण, धार. मग केळीत जायचं. पिलं कापायची, वाळकी पानं काढायची, केळफूल मोडायचं, घडाला पिशवी घालायची. केळीचा चीक साडीवर पडला की साडी फाटेपर्यंत डाग जात नाही, म्हणून बाया नवऱ्याचा जुना शर्ट वरून घालतात. संध्याकाळी परत चूल. यातला फावला वेळ कुठला ते मला दाखवा! बाईचा वेळ फुकट धरला की तिच्या कामाला मजुरी लावावी लागत नाही, तिला मजूर म्हणावं लागत नाही, आणि तिला पडेल ते दिलं तरी 'काहीतरी मिळतंय ना' म्हणून मोकळं होता येतं. मेळाव्याच्या फलकावर लिहिलेलं असतं, 'टाकाऊपासून टिकाऊ'. त्या फलकाखाली बसलेल्या बाईचे तासही टाकाऊच धरलेले असतात.

धाग्याचं काम नेमकं काय आहे तेही समजून घेऊ. खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तोडलेलं खोड फार दिवस ठेवता येत नाही, ते काळं पडतं, कुजतं. म्हणजे घड उतरले की लगेच धावपळ. खोड उचलायचं, आडवं कापायचं, सोपटं सुटी करायची. मग फिरत्या पात्यांच्या यंत्रात एकेक सोपट हाताने धरून घालायचं, ओढून घ्यायचं, उलटं करून परत घालायचं. हात पात्यांपासून वीतभर अंतरावर. मग धागा धुवायचा, सावलीत वाळवायचा, विंचरायचा, निवडायचा. शंभर किलो ओल्या खोडातून सुका धागा निघतो जेमतेम एक-दोन किलो. आणि मजुरी कशावर द्यायची म्हणतात? सुक्या धाग्याच्या किलोवर! म्हणजे पन्नास ते शंभर किलो ओझं उचललं, सोललं, यंत्रात घातलं, धुतलं, तेव्हा कुठे एक किलोचा दर पदरात पडणार. पाऊस आला, धागा काळा पडला, तर नुकसान बाईचं. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तर दिवस बाईचा बुडाला. खोड उशिरा आलं, कुजकं आलं, तरी 'माल खराब' असं बाईलाच ऐकावं लागणार. धंद्यातली सगळी जोखीम जिच्याकडे भांडवल नाही तिच्या डोक्यावर. वा रे रोजगार!

हे चित्र सोलापूरकरणींना नवं नाही. सोलापूर शहरात हजारो बाया पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळत आल्या आहेत. पान आणि तंबाखू मोजून घ्यायचं, घरी बसून वळायचं, हजार विड्यांमागे दर. वळलेला माल द्यायला गेलं की खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या वेगळ्या, त्यांचे पैसे नाहीत. जागा बाईच्या घरातली, दिवाही बाईच्या घरातला, मुलीही हाताखाली बाईच्याच. तंबाखूची धूळ पाळण्यातल्या पोराच्या नाकात. तिथेही 'घरबसल्या'च होतं ना सगळं?

विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा आला. घरी बसून वळणारीही कामगारच, हे त्यात लिहिलं गेलं. ते लिहून घेण्यासाठी झगडावं लागलं, आणि लिहिलेलं अमलात आणण्यासाठी त्याहून जास्त. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधी झाला. विडीवरच्या उपकरातून दवाखाने चालले, पोरांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकरच गेला. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायांची दहा हजार घरं २००६ साली उभी राहिली, तीही वर्षानुवर्षं मोर्चे काढून. आजींनी विड्या वळल्या, आयांनी वळल्या, तेव्हा नातींना पत्ता मिळाला.

म्हणून मी म्हणते, धाग्याचं काम आमच्याकडे अजून बाळसं धरतंय, तोवरच बोला. एकदा घराघरांत धागा वाटला गेला, दलाल ठरला, दर ठरला, की तो मोडायला पन्नास वर्षं लागतात. याचा पुरावा सोलापुरात गल्लोगल्ली आहे.

यावर आपलेच काही मित्र म्हणतात, "अहो ताई, आधी धंदा तर उभा राहू द्या. हक्कांचं नंतर बघू. आत्ताच अटी घातल्या तर कोण येणार पैसे घालायला?" हे 'नंतर' फार जुनं आहे. दुधाचं काय झालं? गाय बाईने सांभाळली, वैरण बाईने आणली, धार बाईने काढली. डेअरी आली, दुधाला रोख पैसा आला, आणि सभासदाच्या यादीत बहुतेक नावं कुणाची लागली? घरच्या पुरुषांची. बिनपैशाचं होतं तोवर दूध बाईचं होतं. आज खोडही बिनपैशाचं आहे. त्याचं सोपट काढून बाया गजरे बांधतात, गाभ्याची आणि केळफुलाची भाजी करतात, चार तुकडे जनावरांपुढे टाकतात. कुणी हिशोब विचारत नाही. उद्या खोडाला भाव आला की हिशोब येईल, आणि हिशोबाबरोबर सातबारा येईल.

कारण खोड कुणाचं, याचं उत्तर सातबारावर आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांपैकी बायका १४ टक्क्यांच्या आतच होत्या. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखो बाया जमल्या. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि काही गावांतल्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. १९९४ साली महाराष्ट्राने, आणि २००५ साली केंद्राने, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून वाटा दिला. कायदा झाला, पण बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणं काही थांबलं नाही. मग 'शेतकऱ्यांसाठी उपयुक्त योजना' असं जेव्हा म्हणतात, तेव्हा त्यातला शेतकरी कोण? केळीत दिवसभर राबणारी सरकारदरबारी 'शेतकऱ्याची बायको' असते. धागा तिने काढायचा, अनुदान मात्र 'शेतकऱ्याला'.

बाईच्या हातच्या धाग्याला वेगळी वागणूक देता येते, याचं एक उदाहरण सांगते. जपानच्या ओकिनावा बेटावर केळीच्याच जातकुळीतल्या झाडाच्या धाग्यापासून 'बाशोफू' नावाचं कापड विणतात. दुसऱ्या महायुद्धात ही कला बुडायला आली. किजोका गावच्या तोशिको ताइरा या बाईने गावातल्या बायांना बरोबर घेऊन ती परत उभी केली. २००० साली जपान सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा सन्मान दिला. २०२२ साली, शंभरी ओलांडून त्या गेल्या. तिथे कापडाला गावाचं नाव आहे आणि विणणारीलाही नाव आहे. आमच्याकडे प्रदर्शनात पिशवीवर योजनेचं नाव असतं, खात्याचं असतं, बनवणारीचं नसतं. सन्मानाने पोट भरत नाही, हे मलाही कळतं. पण जिचं नावच कुठे लागत नाही, तिला भाव ठरवताना कोण विचारणार?

तेव्हा आपापल्या गटात यंत्राच्या कर्जावर सही करण्याआधी या गोष्टींवर बोला, आणि ठरेल ते कागदावर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, यंत्र गटाच्या मालकीचं हवं आणि खातं बायांनीच चालवायला हवं. 'ताई, तुम्ही फक्त अंगठा करा, बाकी आम्ही बघतो' म्हणणाऱ्या भाऊरावांना चहा पाजून वाटेला लावा.

दुसरी, खोडासाठी बागायतदाराशी हंगामाचा लेखी करार हवा. आज तो खोड उचलायला पैसे मोजतो. उद्या गटाची गुंतवणूक झाली की तोच भाव मागेल.

तिसरी, धागा काढण्याच्या कामाला दिवसाची हजेरी हवी, किलोचा दर नको. बाईची हजेरी आणि गड्याची हजेरी एकच हवी. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, आता ते तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आहे. रानात मात्र ते अजून पोचायचं आहे. पिशव्या, चटया यांचं काम घरी करायचं असेल तर एका नगाला किती तास लागतात ते आपण घड्याळ लावून मोजू, आणि किमान वेतनावरून नगाचा दर काढू.

चौथी, यंत्र एका शेडमध्ये हवं. पात्यांवर झाकण हवं, पाळणाघर हवं, संडास हवा. पात्यांचं यंत्र घरात, पोराबाळांत नको.

पाचवी, खोडात पालाश भरपूर असतं. सगळं खोड रानाबाहेर नेलं तर जमीन उपाशी राहील आणि शेतकरी पोत्याने खत विकत आणेल. म्हणून धागा आपण घ्यायचा, पण चोथ्याचं खत आणि खोडाचं पाणी परत रानात जायला हवं. बागायतदाराला कराराचा फायदा पटवायलाही हे कामाला येईल.

आणि सहावी, जी गट सुरू झाला नाही तरी सोडायची नाही: सातबारावर आपलं नाव.

यातलं एखादंच मान्य होत असेल तर घाईने 'हो' म्हणू नका. खोड काही पळून जात नाही. आज तोडलेलं कुजलं तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या बागेत घड उतरणारच आहे. गरज त्यांनाही आहे: बागायतदाराला रान मोकळं हवंय, खात्याला यशोगाथा हवी आहे, कंपनीला धागा हवाय. या तिघांच्या गरजा ज्या हातांवाचून भागत नाहीत ते हात आपले आहेत. पुढच्या बैठकीला 'फावला वेळ' हा शब्द कुणी काढला, तर त्याला पहाटे पाचपासून आपल्याबरोबर फिरवा. संध्याकाळी दर ठरवायला बसू.