घरखर्चाची वही: बाईचा पगार कसा ठरवावा?

दुधाचा भाव, तुरीच्या डाळीचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो. पण धुणंभांडी करणाऱ्या बाईचा पगार कशावरून ठरवलात, असं कुणी विचारलं, तर अकोल्याच्या जठारपेठेत काय नि अमरावतीच्या राजापेठेत काय, उत्तर एकच: "आमच्या गल्लीत चालतो तोच!" आणि गल्लीचा भाव कोण ठरवतं? आपणच की, दुपारी फाटकाशी उभ्या राहून.

सरकारचं किमान वेतन असतं ना, असं तुम्ही म्हणाल. असतं. १९४८ साली त्याचा कायदा झाला नि एकेका धंद्याचे दर सरकार ठरवू लागलं. आपल्याकडे ते दर घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबले. शेजारच्या कर्नाटकाने २००४ साली घरकामालाही किमान वेतन ठरवून दिलं. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आली, मदतीच्या योजना आल्या, पगाराचा आकडा तेवढा आला नाही. बाया मात्र गप्प नव्हत्या हं! पुण्यात १९८० साली मोलकरणींनी चक्क संप केला. पगारवाढ, हक्काची रजा, दिवाळीचा बोनस मागितला. तेव्हा कुठे कित्येक घरांना कळलं असेल, मोरीत रोज किती भांडी पडतात ते.

तर आता वही काढा. रोजगार हमीचा कायदा आपल्याच राज्याने १९७७ साली केला, पुढे तो देशभर गेला. त्या कामाचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली रोजी ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागा: तासाला ३९ रुपये. तुमची बाई धुणं, भांडी, केर-फरशी मिळून दीड तास राबत असेल, तर दिवसाचे साडेअठ्ठावन्न आणि तीस दिवसांचे १७५५. तुमच्या वहीतला आकडा याच्या वर आहे की खाली, ते तुमचं तुम्ही पाहा. चार घरं फिरताना तिची जी पायपीट होते, ती यात धरलेलीच नाही.

दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली, की "बाई दांड्या मारते" ही तक्रार ठरलेली. अहो, वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पहिल्या वेच्याला झाड बोंडांनी लगडलेलं असतं, हात भराभर चालतो, रोज चांगला पडतो. शेवटच्या वेच्याला दिवसभर वाकूनही ओटी भरत नाही. मग ती परत येते. तिनेही हिशेबच केलेला असतो!

जुनी साडी, उरलेली भाजी पगारात धरायची नाही. महिन्याच्या दोन रजा पगारी. दिवाळीचा बोनस वेगळा, वर्षाची वाढ वेगळी. एकटीने वाढवलं तर "भाव बिघडवता" म्हणून शेजारीण रुसते, म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा भिशीला हा विषय काढा आणि गल्लीचा दर मिळूनच ठरवा. आणि एखादीला खरंच परवडत नसेल, तर तिने कपडे स्वतः धुवावेत, नुसती भांडी बाईकडे द्यावीत. काम कमी करा, तासाचा दर नाही.