बाभळीपुढे जाहिरात
दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी डोंगरी सायकल घेतली, बिनट्यूबची. दुकानदार म्हणाला, "काका, टायरात हे सीलंट ओता नि पंक्चर जन्मभर विसरा!" वैशाखात चिरंजीव मांजरसुंब्याच्या घाटातून सायकल ढकलत आले. चाकात वेड्या बाभळीचा काटा! टायर उघडला, तर आत द्रव नाही, नुसती साय. अहो, हा रबराचा चीक. हवेबरोबर भोकात शिरून गोठतो, म्हणून भोक बुजतं. पण तो टायरातही वाळतोच. बीडच्या उन्हात तर लवकरच! तेव्हा नाव नि किंमत राहू द्या. वाळतं किती दिवसांत, ते विचारा. दर २-३ महिन्यांनी बघून नवं ओता. पिशवीत ट्यूब ठेवाच. बाभळीला जाहिरात वाचता येत नाही!