सायलेन्सर घरी बसवायचा की गॅरेजात?



डिसेंबरातली गोष्ट. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे; नऊ वाजले तरी अंगावरची शाल उतरत नाही. अशाच एका रविवारी बहिणीकडे गेलो, तर भाचा अंगणात गाडीखाली शिरायच्या तयारीत. त्यांच्या जुन्या गाडीचा सायलेन्सर गंजून फुटला होता. गॅरेजात सांगितलेला खर्च त्याला जास्त वाटला, म्हणून त्याने मोबाइलवरून दुसराच एक मागवला. "मामू, स्वस्त पण आहे आणि आवाजही दमदार. व्हिडिओत एकाने अर्ध्या तासात बसवला," तो म्हणाला.

डिकीतला जॅक लावून गाडी उचललेली होती. आदल्या संध्याकाळी झाडांना पाणी घातल्यामुळे माती ओली. मी "थांब" म्हणेपर्यंत जॅकचं बूड मातीत रुतलं, गाडी कलली आणि धाडकन खाली आली. भाचा अजून खाली शिरला नव्हता. अलहमदुलिल्लाह! बहीण पायरीवरच मटकन बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मामा-भाचे एका जुन्या उस्तादांकडे गेलो. आपल्या समाजातली कितीतरी मुलं अशाच उस्तादांच्या हाताखाली शिकून पोटाला लागली आहेत. त्यांनी गाडी उचलून भाच्याला खालून सगळं दाखवलं. मीही शिकलो, ते इथे मांडतो.

इंजिनातून निघणारा धूर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा थर असतो. विषारी वायूंचा बराचसा भाग तिथे कमी घातक होतो. जवळच ऑक्सिजन सेन्सर असतो, तो इंजिनाला खबर देतो. त्यानंतर सायलेन्सर येतो, तो आवाज दाबतो. म्हणजे ही नुसती नळी नाही. "मोकळी नळी" बसवताना काही जण कन्व्हर्टरच काढून टाकतात. मग धूर वाढतो, पीयूसी अडते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो.

आता मूळ प्रश्न. घरी काय करावं? मागच्या बाजूचं तुटलेलं रबर बदलणं किंवा ढिला क्लॅम्प आवळणं, एवढं माहितगार माणूस घरी करू शकतो. पण गाडी थंड असावी, कारण चालून आलेल्या गाडीचा पाइप हात भाजतो. जमीन सपाट आणि पक्की असावी. चाकांना अडण हवी. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो. तोलून धरण्यासाठी लोखंडी स्टँड लागतात.

जिथे वेल्डिंग आहे, गंजलेले बोल्ट कापायचे आहेत, कन्व्हर्टर किंवा सेन्सरला हात लावायचा आहे, ते काम गॅरेजचंच. पेट्रोलची नळी जवळून जाते, कुठे सीएनजीची टाकी असते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढावी लागते, नाहीतर गाडीतला संगणक जळू शकतो. हे व्हिडिओत बहुधा सांगत नाहीत.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. सांध्याचं पॅकिंग नीट बसलं नाही, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आपल्याकडच्या थंडीत काचा बंद करून, मुलांना मागे झोपवून आपण प्रवास करतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी असं काही जाणवलं, तर लगेच गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सर्वांना मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

गॅरेजात गेलो म्हणजे सगळं झालं, असंही नाही. पक्कं बिल घ्या. काढलेला जुना भाग परत मागा. कन्व्हर्टरला भंगारातही चांगली किंमत येते. गाडी सुरू करून सांध्यांतून फुसफुस ऐकू येते का, काजळीचा डाग पडतो का, हे मेकॅनिकसोबत उभं राहून बघा.

भाच्याने शेवटी विचारलं, "मग हाच आवाजाचा सायलेन्सर तुम्ही बसवून द्या ना, उस्ताद." ते हसले. म्हणाले, "बसवता येतो, पण बसवणार नाही."

कायदाही त्यांच्याच बाजूचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या गाडीत मनमानी बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली, तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

पण मला दंडापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. आमच्या मोहल्ल्यात पहाटे दहावीची मुलं अभ्यासाला बसतात, कुणाच्या घरी तान्हं बाळ असतं, कुणी हृदयरोगी. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला चाल मध्यम आणि आवाज खाली ठेवण्याची नसीहत करतात. ती आजच्या गाड्यांनाही लागू नाही का? आणि अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे की, वैद्यक न जाणता जो इलाज करतो, त्याच्यावर नुकसानीची जबाबदारी येते. न शिकता गाडी उघडणाऱ्यानेही तिच्यावर विचार करावा.

म्हणून घरी की गॅरेजात, हा प्रश्न दुसरा. काय बसवतोय आणि त्याचा त्रास कुणाला होणार, हा पहिला. त्याचं उत्तर चुकलं, तर कुठेही बसवा, चूकच.

भाच्याने तो सायलेन्सर परत पाठवला आणि कंपनीच्या मापाचा साधा बसवून घेतला. पैसे थोडे जास्त गेले. आता तो सुट्टीच्या दिवशी त्या उस्तादांकडे काम शिकायला जातो. त्याने पहिल्या दिवशी काय शिकलं, विचारा. गाडीखाली स्टँड कसे लावायचे ते!