केवळ रक्ततपासणी पुरेशी नाही



मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी रक्ततपासणी आली, आता दुर्बिणीने आतड्याची तपासणी नको, असे सांगणारे पत्र आपल्या अंकात वाचले. विषय मांडल्याबद्दल आभार. निष्कर्ष मात्र पटत नाही.

अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळालेली ‘शील्ड’ ही चाचणी रक्तातील डीएनएच्या तुकड्यांवरून कर्करोग ओळखते. अभ्यासात तिने सुमारे ८३ टक्के कर्करोग पकडले, पण पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठी जेमतेम १३ टक्के. या गाठी वेळीच काढल्या तर कर्करोग टळतो आणि ते काम दुर्बिणीनेच होते.

स्वस्त पर्याय ‘फिट’चा आहे. शौचाच्या छोट्याशा नमुन्यातले, डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यात सापडते, पथ्यपाणी नाही. मात्र दोष आढळला, तर पुढे दुर्बीण हवीच.

आमच्या टेंभुर्णी परिसरात खरा घात वेगळाच होतो. शौचातून रक्त पडले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्‌महिने चूर्ण आणि मलमावर भागवतात. सांगायची लाज, त्यात मोलाचा काळ जातो. अशांनी चाचणीच्या जाहिरातीकडे न पाहता थेट डॉक्टर गाठावा.

देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली. तरीही सरकारी तपासणीत आज तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, आतड्याचा नाही. निदान ग्रामीण रुग्णालयांत ‘फिट’ मिळावी आणि दुर्बिणीची सोय जिल्ह्यातच व्हावी, ही कळकळीची मागणी.

– एक वाचक, टेंभुर्णी (ता. माढा, जि. सोलापूर)