झीलकरी कुठे उभे राहतात?

मराठी विभागांतून नाटक शिकवले जाते ते बहुधा कादंबरीसारखे. कथानक, पात्रे, संघर्ष, संवादांची भाषा आणि शेवटी लेखकाची जीवनदृष्टी, या क्रमाने आपण पुढे जातो. ‘घाशीराम कोतवाल’ शिकवतानाही तेच होते. नाना आणि घाशीराम यांच्या स्वभावचित्रणावर तास जातात, नाटक ऐतिहासिक की अनैतिहासिक या जुन्या वादावर आणखी एक तास जातो, आणि मग ‘मानवी पडदा’ या शीर्षकाखाली चार ओळींची टीप विद्यार्थ्यांच्या वहीत उतरते. ही टीप चुकीची नसते. तिच्यात आवाज मात्र नसतो, आणि आमच्या मते नाटकाचा गाभा तिथेच निसटतो.

विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगमंचावर आले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. संहिता हातात घेऊन वाचू लागले की ती विलक्षण विरळ वाटते. नामाचा गजर, त्याच त्या शब्दांची आवर्तने, मध्येच एखादी लावणीची लकेर. वाचक अशा जागा डोळ्यांनी ओलांडून पुढच्या संवादाकडे जातो, कारण छापील पानावर पुनरावृत्ती म्हणजे रिकामी जागा. प्रयोगात परिस्थिती नेमकी उलट असते. ओळीत उभी असलेली ती ब्राह्मणमंडळी गातात, डोलतात, भिंत होतात, पाठ फिरवतात, आणि त्या पाठीमागे जे घडायचे ते घडते. भजनाची चाल बदलत नाही, तिच्या आडून होणारे कृत्य तेवढे बदलते. या विसंगतीसाठी तेंडुलकरांनी एकही भाष्यवाक्य लिहिलेले नाही, कारण ते भाष्य समूहाच्या सुरात आहे. तो सूर ज्याने ऐकला नाही त्याने नाटकाचा निम्मा मजकूर वाचलेलाच नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो.

या समूहासाठी मराठी समीक्षा ‘कोरस’ हा शब्द वापरते आणि लगेच ग्रीक शोकांतिकेकडे धाव घेते. ग्रीकांशी आमचे वैर नाही. पण मराठीत ‘झील’ हा शब्द आहे आणि तो अधिक नेमका आहे. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलून धरतात. तमाशात सुरत्ये हेच काम करतात. झील धरणे म्हणजे नुसता होकार नव्हे. शाहिराला श्वास घ्यायला, पुढची ओळ जुळवायला अवकाश देणे, ऐकणाऱ्याच्या मनात आधीची ओळ रुजवणे, आणि प्रसंगी सुरातल्या एखाद्या हेलकाव्याने शाहिराच्या म्हणण्यावर शंका घेणे, ही सारी कामे झील करते. आपल्याकडे ‘री ओढणे’ हा वाक्प्रचार तुच्छतेने वापरला जातो, त्यामुळे झीलकऱ्याची किंमत व्यवहारातही कमी झाली आहे. ‘घाशीराम’मध्ये सत्तेची री ओढणारा समाज दिसतो आणि तो री ओढताना आपण ऐकतो. शब्दाचा वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ एकाच वेळी रंगमंचावर उभा राहण्याचे इतके चांगले उदाहरण साहित्यशास्त्राच्या तासाला दुसरे सापडणार नाही.

याच दिग्दर्शकाचे आणि याच संगीतकाराचे नाव पुन्हा एकत्र येते ते थिएटर अकादमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त, १९७८ मध्ये. पु. ल. देशपांडे यांनी केलेले हे रूपांतर. मूळ नाटक ब्रेख्तचे, संगीत कुर्ट वाइलचे, आणि पहिला प्रयोग बर्लिनमध्ये ३१ ऑगस्ट १९२८ रोजी. त्याच्याही मागे जॉन गे याचा १७२८ चा ‘बेगर्स ऑपेरा’ उभा आहे. म्हणजे अडीचशे वर्षांत तीन भाषांतून फिरलेली ही भिकाऱ्यांची आणि चोरांची कथा. वाइलने आपले संगीत भव्य वाद्यवृंदासाठी लिहिले नाही. सात वादकांच्या जाझ बँडसाठी लिहिले, ज्यांतला प्रत्येक जण अनेक वाद्ये हाताळी. कारण साधे होते: ऑपेराच्या प्रतिष्ठित आवाजात भिकाऱ्यांची गोष्ट सांगितली असती तर ती खोटी ठरली असती. दारूच्या गुत्त्यात आणि नृत्यगृहात वाजणारा, तेव्हाच्या जर्मनीत नवा आणि थोडा बदनाम असा तो सूरच त्या गोष्टीला हवा होता.

पु.लं.नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मर्म ओळखले. त्यांनी जाझची नक्कल केली नाही. मराठी माणसाच्या कानांत त्या काळी कोणते आवाज कोणत्या सामाजिक पायरीवर बसलेले आहेत याचा त्यांनी हिशेब मांडला. नाट्यगीत एका पायरीवर, लावणी दुसऱ्या, आणि पाश्चात्य रॉक या दोन्हींच्या बाहेर. नंदू भेंडे यांचा अंकुश गातो तो तिसऱ्या आवाजात. अलेक पदमसी यांच्या १९७४ मधील ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडास गाणारा हा गायक मराठी संगीत नाटकाच्या घरात येतो, आणि त्याच्या गळ्याची जात हीच त्या गुंडाची ओळख ठरते. पात्राचा वर्ग, त्याचा उद्दामपणा, आपण कोणत्याच परंपरेचे देणे लागत नाही हा त्याचा आव, हे सारे संवादांआधी सुरांतून कळते. ‘रूपांतर’ या प्रकरणात आपण पात्रांची नावे कशी बदलली आणि स्थळ कसे बदलले याचे तक्ते करून घेतो. आवाजाचे रूपांतर कसे झाले, हा प्रश्न कोणत्या प्रश्नपत्रिकेत आम्हांस अद्याप दिसलेला नाही.

या नाटकाचे सर्वांत गाजलेले गाणे पुढे जाझ गायकांनी आपलेसे केले. एला फिट्झजेराल्ड यांनी १९६० मध्ये बर्लिनच्याच मैफलीत ते गायला घेतले, निम्म्यावर शब्द विसरल्या, आणि न थांबता नवे शब्द रचत, आपण विसरलो हेही गाण्यातच सांगत, ते पूर्ण केले. त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळाले. आता संहिता कोणती? ब्रेख्तने लिहिलेली की त्या रात्री घडलेली? पाठचिकित्सेच्या तासाला हा प्रश्न विचारून पाहावा. हस्तलिखितांच्या शाखा-उपशाखांत रमणारे विद्यार्थी एकदम जागे होतात, असा आमचा अनुभव आहे.

साहित्य, नाट्य आणि समूहस्वर यांचे नाते किती ताणता येते हे पाहायचे असेल तर आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. वॉर्ड स्विंगल यांनी १९६२ मध्ये पॅरिसमध्ये आठ गळ्यांचा एक जाझ वृंद उभा केला. सुरुवातीला ही मंडळी बाखच्या रचना शब्दांवाचून, निरर्थक अक्षरांनी गात. शब्द टाकून देऊनच त्यांनी नाव कमावले म्हणा ना! गंमत अशी की याच स्विंगल सिंगर्सना लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराने १९६८ मध्ये आपल्या ‘सिन्फोनिया’साठी घेतले आणि त्यांच्या तोंडी बेकेटच्या ‘द अननेमेबल’ या कादंबरीतला मजकूर आणि लेव्ही-स्ट्रॉसचे मिथकांविषयीचे लेखन घातले. मागे वाद्यवृंद माहलरची सिंफनी वाजवतो आहे आणि पुढे हे आठ जण बोलतात, कुजबुजतात, गातात. याच रचनेचा दुसरा भाग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ आहे. किंग यांची हत्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाली होती. तिथे गायक त्यांच्या नावातले सुटे स्वर आणि व्यंजने उच्चारत राहतात, आणि फार उशिरा त्यांतून पूर्ण नाव तयार होते. वर्ण, अक्षर, पद हा व्याकरणाचा क्रम शोकाचा क्रम होऊ शकतो, हे आम्ही कोणत्याही भाषाविज्ञानाच्या ग्रंथात वाचले नव्हते.

हे सारे लिहिण्याचे कारण पॅरिस किंवा बर्लिन नव्हे. आम्ही साकोलीला शिकवतो. दिवाळी झाली की आमच्या भंडारा-गोंदियाच्या गावोगावी मंडई भरते आणि मंडईच्या रात्री दंडार उभी राहते, खडी गंमत रंगते. दंडारीत एकाने ओळ उचलायची आणि इतरांनी ती झेलायची. खडी गंमतीत शाहीर, नाच्या, ढोलकी आणि मागे उभे राहून सूर धरणारे साथीदार. गाणे, सोंग, प्रश्नोत्तरे आणि समोरच्या गावकऱ्याला उद्देशून केलेली तत्काळ शब्दरचना यांची फारकत इथे कधी झालीच नाही. साकोलीचेच डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि या लोकरंगभूमीचा दीर्घकाळ अभ्यास केला, म्हणून निदान ग्रंथालयात काही हाताशी लागते. एरवी ‘लोकसाहित्य’ या अभ्यासपत्रिकेत दंडारीच्या वाट्याला येते ते एक परिच्छेदभर व्याख्या.

आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी काहींचे वडील, काका, आजोबा दंडारीत उभे राहिलेले असतात. ही गोष्ट ती मुले सांगत नाहीत. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले म्हणून शाळेत टोकले गेलेले मूल एम. ए.च्या वर्गात आपल्या घरची दंडार काढून दाखवील, अशी अपेक्षाच व्यर्थ आहे. काही वर्षांपासून आम्ही ‘घाशीराम’मधील मानवी पडदा वर्गात उभा करून वाचून घेतो. बारा विद्यार्थी, एक ओळ, हातात पुस्तक. पहिल्या वेळी सगळे एकदम श्वास घेतात आणि गजर मध्येच तुटतो. एका वर्षी, वर्षभर तोंड न उघडलेल्या एका विद्यार्थ्याने शांतपणे सांगितले की निम्म्यांनी आधी श्वास घ्यावा आणि निम्म्यांनी मागून, म्हणजे सूर पडत नाही. हे त्याला कुठल्या मार्गदर्शकात मिळाले नव्हते. भिंतीला फट पडू नये म्हणून ती उभी करणाऱ्यांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा असतो: या एका वाक्यात त्या नाटकातील सामूहिक गुन्ह्याचे जे वर्णन आहे ते आमच्या दहा वर्षांच्या टिपणांत नव्हते. त्याच विद्यार्थ्याने परीक्षेत मानवी पडद्यावर मात्र बाजारातल्या मार्गदर्शकाचीच चार वाक्ये लिहिली. त्याला जे ठाऊक होते ते उत्तर म्हणून चालते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की हा नाट्यशास्त्राचा किंवा संगीताचा विषय आहे, साहित्याचा नव्हे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी अभंग, ओवी, लावणी आणि पोवाडा अभ्यासक्रमातून काढून टाकावेत. मग उरलेल्या साहित्यावर आपण बोलू. दुसरा आक्षेप गंभीर आहे. दंडारीला जाझच्या शेजारी बसवणे म्हणजे तिला परदेशी प्रमाणपत्र मिळवून देणे नव्हे काय? शहरी समीक्षेला लोककलेचा असा उमाळा अधूनमधून येतोच. आमचे म्हणणे तसे नाही. जाझ आणि दंडार यांचा इतिहास वेगळा, दुःख वेगळे, ताल वेगळा. साम्य आहे ते फक्त कामाच्या पद्धतीत: समूह ऐकत ऐकत बोलतो, आणि मजकूर प्रयोगाच्या क्षणी पक्का होतो. ही पद्धत वाचायची कशी, हे शिकण्यासाठी बेरिओ जितका उपयोगी तितकीच मंडईची रात्र उपयोगी, आणि मंडई आमच्यापासून सायकलच्या अंतरावर आहे.

झाडीपट्टीची रंगभूमी संपत चालली आहे, असा गळा मात्र आम्ही काढणार नाही. देसाईगंज-वडसा येथील नाट्यमंडळांचा हंगाम दरवर्षी जोरात असतो, तिकीट काढून लोक रात्रभर नाटक पाहतात, आणि या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण या व्यावसायिक नाटकाला छापील संहिता असते, जाहिरात असते. दंडारीचे तसे नाही. तिचे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे म्हातारी होत आहेत, आणि त्यांची झील धरायला मागे उभे राहणारे हात मोबाइलवर चित्रण करण्यात गुंतलेले आहेत. चित्रण वाईट नव्हे, ते हवेच. फक्त त्यात शाहिराचा चेहरा येतो आणि झीलकरी चौकटीच्या बाहेर राहतात.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका दंडारीची वा खडी गंमतीची संहिता नोंदवावी, आणि नोंदवताना मुख्य गायकाच्या ओळीखाली झीलकऱ्यांनी ती कशी उचलली, कुठे बदलली, कुठे नुसता सूर लावला, हे स्वतंत्र ओळीत लिहावे. ज्याला ‘पानी’ ऐकू येईल त्याने ‘पानी’च लिहावे. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांत हे बसते. त्यासाठी विद्यापीठाच्या परवानगीचीही गरज नाही. यंदाच्या मंडईआधी आम्ही वर्गात तसे कागद वाटणार आहोत, प्रत्येक ओळीखाली एक ओळ कोरी सोडून.