वाढवणचं विमानतळ येईल तेव्हा येईल, पॉइंट्सवर लंडन-टोरोंटो गाठायचं गणित मात्र आजचं आहे

30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. सुमारे 76 हजार कोटींचा प्रकल्प. त्यानंतर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईचं तिसरं विमानतळही याच भागात, समुद्रात भराव टाकून उभारायचा विचार बोलून दाखवला. तेव्हापासून डहाणू-तलासरीकडच्या पोरांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "मग काय, घरून निघालो की थेट लंडन!"

मला यात दोन गोष्टींची गल्लत दिसते. विमानतळ जवळ येणं वेगळं आणि लांबचं तिकीट परवडणं वेगळं. नवी मुंबईचंच बघा ना. तिथून 25 डिसेंबर 2025 ला उड्डाणं सुरू झाली, पण सुरुवात देशांतर्गत विमानांनीच. नव्या धावपट्टीवर पहिल्या दिवशी टोरोंटोचं विमान उभं राहत नाही. (बंदरावरून मच्छीमारांचा जो प्रश्न आहे तो याहून मोठा आहे, त्यावर वेगळं लिहायला हवं.) म्हणजे अजून बरीच वर्षं डहाणू रोडहून लोकल पकडायची आणि अंधेरी गाठायची, हेच खरं.

तिकिटाचा खर्च कमी करायचा एक रस्ता मात्र आजही मोबाईलमध्ये आहे: एअरलाइनचे पॉइंट्स. त्यासाठी सारखं विमानात बसावं लागत नाही. क्रेडिट कार्डावर जमलेले पॉइंट्स बऱ्याच बँका एअरलाइनच्या खात्यात वळवू देतात. बँक खात्यातून केलेल्या साध्या यूपीआय पेमेंटवर सहसा असे पॉइंट्स मिळत नाहीत. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं, तर दुकानात स्कॅन करून दिलेल्या पैशांवर काही कार्डं पॉइंट्स देतात. पण दर महिन्याला पूर्ण बिल भरणार नसाल तर इथेच थांबा. महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज लागलं की कुठलेच पॉइंट्स ते भरून काढत नाहीत.

आता भारतात काय बदललंय ते पाहू. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट्स महाराजा क्लबमध्ये गेले. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे. म्हणून महाराजा क्लबचे पॉइंट्स लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या सीटलाही वापरता येतात. उलटही चालतं. एअर कॅनडाच्या एरोप्लान खात्यातून एअर इंडियाची सीट काढता येते, आणि एरोप्लान त्यावर एअरलाइनचा सरचार्ज लावत नाही. कॅनडात शिकणाऱ्या ताईने तिथल्या कार्डावर एरोप्लान पॉइंट्स जमवले असतील, तर आईबाबांचं तिकीट ती तिथूनच काढू शकते. आपल्याकडच्या घरांना हा मार्ग फारसा माहीत नाही, आणि मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो.

"फुकट तिकीट" हा शब्द मात्र विसरा. पॉइंट्स दिले तरी कर रोख भरावेच लागतात. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानावर तिथलं सरकार प्रवासी कर घेतं. भारताएवढ्या अंतराला इकॉनॉमीत तो 1 एप्रिल 2026 पासून 102 पौंड आहे, बिझनेस क्लासला 244. त्यामुळे जाताना पॉइंट्स वापरून येतानाचं तिकीट स्वस्त सेलमध्ये रोखीने घेणं कधीकधी जास्त परवडतं.

परवडतं की नाही, ते कॅल्क्युलेटरवर एका मिनिटात कळतं. समजा तिकीट रोखीने 60,000 रुपयांना आहे. पॉइंट्सवर काढलं तर 42,000 पॉइंट्स आणि 18,000 रुपये कर. साठातून अठरा गेले, उरले 42,000. भागिले 42,000 पॉइंट्स. एका पॉइंटला एक रुपया मिळाला. तोच पॉइंट बँकेच्या ॲपवर शॉपिंग व्हाउचरसाठी 25 पैशांना जात असेल, तर मिक्सर घेण्यापेक्षा विमान बरं. गणित उलटं आलं तर खुशाल मिक्सर घ्या.

क्रमही महत्त्वाचा. आधी एअरलाइनच्या साइटवर त्या तारखेची पॉइंट्सवाली सीट दिसते का ते बघा, मगच बँकेतून पॉइंट्स वळवा. एकदा वळवले की ते बँकेत परत येत नाहीत. दिवाळी-मे महिन्यात अशा सीट फार कमी सुटतात, म्हणून तारखा सैल ठेवाव्या लागतात. खात्यातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत एक हवं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये स्वतःशिवाय पाचच जणांसाठी तिकीट काढता येतं, ती नावं आधी नोंदवावी लागतात.

एक धोका खास मोबाईलवाल्यांसाठी. "तुमचे रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री संपणार, रोख मिळवायला हे ॲप टाका" असा मेसेज एसबीआयच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरतो, सोबत एपीके फाइल असते. बँक एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर अशी लिंक वा एपीके पाठवत नाही, हे एसबीआयने स्वतः जाहीर केलं आहे. ती फाइल टाकली की मोबाईलवर येणारे ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतात, आणि मग पॉइंट्स नाही, खात्यातले पैसे जातात. पॉइंट्स खरंच संपतायत का हे बघायचं असेल तर बँकेचं ॲप स्वतः उघडा. फाइल टाकून झाली असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड-खातं ब्लॉक करा आणि 1930 वर लगेच तक्रार नोंदवा.