‘२०० हल्ला हो’ : प्रश्न हल्ल्याच्या आधीचा

नागपूरच्या कस्तुरबा नगरातील महिलांच्या जमावाने १३ ऑगस्ट २००४ रोजी गुंड अक्कू यादवला न्यायालयातच ठार केले. त्यावर बेतलेला ‘२०० हल्ला हो’ २०२१ मध्ये आला, तेव्हा चर्चा रंगली ती कायदा हातात घ्यावा का, याचीच. आमचा प्रश्न त्याआधीचा आहे : दलित वस्तीतल्या बाया वर्षानुवर्षे अत्याचार सोसत असताना पोलीस काय करत होते? चित्रपटाने जात लपवली नाही, हे त्याचे मोल. खटल्यातील आरोपी २०१४ मध्ये निर्दोष सुटले. हा प्रश्न मात्र उरला.

यवतमाळ जिल्ह्यातील तरुणांना आम्ही सांगतो : अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ वाचा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकालाही त्यात शिक्षा आहे. एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय ठाणे सोडू नका.